चुकलेलं पाकीट

प्राची चौरडिया रोज चार वाजता येते,
स्कूटीची किल्ली टेबलावर टाकते,
माझा उजवा हात उशीवर मांडते
कापडवाला ठाण मांडतो तसा,
आणि म्हणते, हिलाना नहीं है आंटी,
बस देखना है. अंदर से.

पहिल्या दिवशी मला हसू आलं, अर्ध्याच ओठानं.
हलवायचं नाही म्हणे!
तेवढं तर मला न शिकवताच येतंय.

लिंबू धरा, म्हणाली. मी धरलं.
पिवळं होतं, पण वजन नव्हतं त्याला.
मेंदूला खरं-खोटं कळत नाही, असं तिच्या पुस्तकात आहे.
माझ्या मेंदूला कळतं.
तो सियागंजातला जुना किराणेवाला आहे,
रोख बघितल्याशिवाय पुडी बांधत नाही.

मग एकदा तिनं विचारलं, काम काय करायचात?

एकतीस वर्षं, पोरी, आर.एम.एस.मध्ये.
स्टेशनाला लागून, बहुतेक रात्रपाळी,
समोर खान्यांची भिंत,
डाव्या हातात गठ्ठा, उजव्यात एकेक पाकीट,
अंगठ्याला रबराची टोपी.
उज्जैन डोळ्यांसमोर, देवास त्याला खेटून,
देवासच्या खाली धार,
महू कोपरापाशी, बडवाह आणि खंडवा कमरेला,
झाबुआसाठी टाचा उचलाव्या लागत.
गाव म्हणजे हात किती लांबवायचा ते.

तर तेच करा, म्हणाली.

डोळे मिटून गठ्ठा सोडला.
आधी सुतळीचा वास आला, मग लाखेचा,
मग तांबेबाईंच्या थर्मासातल्या चहाचा.
रोज दोनशे पाकिटं. एक चूक नाही.
आणि उशीवर हात तसाच,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
प्राची वहीत शून्य काढायची,
गोल, सुबक, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं.

मंगळवारी कुकरची शिट्टी झाली. लक्ष उडालं
आणि धारचं पत्र मी देवासच्या खान्यात टाकलं.

दिसलं मला ते.
निळं अंतर्देशीय, घडीवर जास्तीचा डिंक,
कुणा विमलाबाईच्या नावचं.
आता ते भलत्या गावी उतरणार,
भलत्या पोस्टमनच्या पिशवीत उन्हात फिरणार,
शिक्के खात खात धारला पोचणार
आणि तोवर तिथं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.
एकतीस वर्षांत अशी किती गेली असतील माझ्या हातून,
कधी मोजली नव्हती.

मी झटक्यात ते ओढून काढायला गेले.

प्राची ओरडली.
मला तिचं ओरडणं आधी कळलं, बोट नंतर.
तर्जनी नखाएवढी सरकली होती,
अभ्र्यावर एक सुरकुती.

फिर से, आंटी. केलं. नाही झालं.
फिर से. नाही.

संध्याकाळी सून अभ्रा बदलायला आली.
म्हटलं, आज राहू दे.

तेव्हापासून मी मुद्दाम चुकून बघते.
रतलाम खंडव्यात, महू झाबुआत,
पण मुद्दाम केलेली चूक किराणेवाला ओळखतो,
चष्म्यावरून बघतो आणि गल्ला लावून घेतो.
गेल्या महिन्यात तीनदा फसला.
प्राचीच्या वहीत तीन टिंबं आहेत,
शून्यांच्या गर्दीत शोधावी लागतात.

रात्री लोकमान्यनगरच्या फाटकाकडून
महूच्या शेवटच्या गाडीचा भोंगा येतो.
मी टोपी चढवते अंगठ्याला,
गठ्ठा उचलते,
आणि अगदी मन लावून, नीट,
एकेक पाकीट त्याच्या त्याच्या गावाला लावते,
विमलाबाईचं पत्र
या गठ्ठ्यात कुठंतरी असणारच म्हणून.